धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतील फुप्फुसाचा कर्करोग : आनुवंशिकता आणि धूर

फुप्फुसाचा कर्करोग म्हटला की विडी-सिगारेटचे नाव प्रथम पुढे येते, आणि ते योग्यच आहे. या रोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच होय, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत उरलेले नाही. तथापि ज्यांनी आयुष्यात एकदाही विडी ओढली नाही, अशा स्त्रियांनाही हा रोग जडतो, आणि त्यांची संख्या उपेक्षणीय नाही. विद्यमान शतकाच्या आरंभी करण्यात आलेल्या एका जागतिक अंदाजानुसार फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांचा रोग धूम्रपानाशी जोडता येत नव्हता. पुरुषांमध्ये हेच प्रमाण सुमारे १५ टक्के होते. दक्षिण आशियातील स्त्रियांपुरता विचार केला तर ते ८० टक्क्यांच्याही वर जात होते.

अशा स्त्रीला रोगाचे निदान सांगितले जाते, तेव्हा तिच्या व तिच्या कुटुंबीयांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो, “हिलाच का?” हा. कोणी दैवाला दोष देतो, कोणी घराण्याच्या रक्ताला. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न आपल्या पद्धतीने विचारला आहे. सारख्याच घरांत, सारख्याच चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांपैकी काहींनाच हा रोग का होतो? जन्मतः मिळालेल्या जनुकांतील भेद याला कितपत कारणीभूत आहेत? या संशोधनातून निघालेले उत्तर केवळ शास्त्रज्ञांच्या नव्हे, तर सामान्य गृहिणीच्याही उपयोगाचे आहे. म्हणून त्याचा क्रमवार परामर्श घेणे उचित ठरेल.

दुसऱ्याच्या विडीचा धूर

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणारा एक महत्त्वाचा अभ्यास जपानमध्ये झाला. ताकेशी हिरायामा या संशोधकाने स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची माहिती १४ वर्षे सातत्याने गोळा केली आणि १९८१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती भरपूर धूम्रपान करीत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या पत्नींपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. पतीच्या धूम्रपानाचे प्रमाण जसजसे वाढत गेले, तसतशी पत्नीची जोखीमही वाढत गेलेली दिसली. या निष्कर्षांवर त्या काळी बराच वाद झाला. परंतु पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी त्यांना पुष्टी दिली. घरातील एकाने ओढलेला धूर दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो आणि तेथे अपाय करतो, ही गोष्ट आज निर्विवाद मानली जाते.

परंतु घरातील धूर केवळ विडीचाच असतो असे नाही. त्याहून दाट धूर पुष्कळ घरांत चुलीतून निघतो. त्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे चीनमधील एका परगण्याच्या उदाहरणावरून दिसून आले.

श्वानवेई परगण्याची कहाणी

चीनच्या नैर्ऋत्य भागातील युन्नान प्रांतात श्वानवेई नावाचा परगणा आहे. येथील बहुसंख्य लोक शेतकरी. १९७० नंतरच्या दशकात चीनमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा या परगण्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक असल्याचे आढळून आले. विशेष आश्चर्याची बाब अशी की, तेथील पुरुष मोठ्या संख्येने धूम्रपान करीत आणि स्त्रिया जवळजवळ मुळीच करीत नसत. तरीही रोगाने दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचे होते.

कारणांचा शोध घेताना संशोधकांची दृष्टी स्वयंपाकघराकडे वळली. तेथील घरांत जमिनीत उथळ खड्डा करून त्यात जळण पेटवीत. धूर बाहेर जाण्यास धुराडे नसे. स्वयंपाक व ऊब या दोन्हींसाठी हाच विस्तव वापरला जाई. जळण मात्र गावोगावी निराळे होते. काही गावांत परिसरातील खाणींतून निघणारा, पुष्कळ धूर सोडणारा कोळसा जाळीत; काही गावांत कमी धुराचा, अँथ्रासाइट जातीचा कोळसा जाळीत; तर काही ठिकाणी लाकूड वापरीत. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, रोगाचा संबंध धूम्रपानापेक्षा धुरकट कोळशाशी अधिक निकटचा आहे, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो विशेषच ठळक आहे.

पुढे या परगण्यातील शेतकऱ्यांचा १९७६ ते १९९६ या काळातील वृत्तांत तपासण्यात आला. त्यात धुरकट कोळसा वापरणारे २७,३१० आणि कमी धुराचा कोळसा वापरणारे ९,९६२ लोक होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, धुरकट कोळसा वापरणाऱ्या स्त्रीस वयाच्या सत्तरीपूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे २० टक्के होती. कमी धुराचा कोळसा वापरणारांत ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. परगणा एकच, व्यवसाय एकच, राहणीही बहुतांशी सारखीच. फरक होता तो मुख्यतः चुलीतील कोळशाचा.

धूर शरीरात काय करतो

धुरकट कोळसा जळताना त्यातून बहुचक्रीय हायड्रोकार्बने या वर्गातील रसायने बाहेर पडतात. बेंझोपायरीन हे त्यांपैकी विशेष कुप्रसिद्ध रसायन होय. तंबाखूच्या धुरातही ते असते. धुराबरोबर फुप्फुसात शिरल्यावर हे रसायन जसेच्या तसे फारसे अपायकारक नसते. शरीर त्याला बाहेर टाकण्याच्या हेतूने त्यावर प्रक्रिया करू लागते, आणि घात येथेच होतो. पेशींतील काही विकर म्हणजे एन्झाइमे त्याचे अशा रूपात परिवर्तन करतात की, ते पेशीतील डी.एन.ए.ला चिकटून बसते. डी.एन.ए. हा पेशीचा मूळ आज्ञालेख. त्यातील अक्षर बदलले की पेशीच्या वाढीवरील नियंत्रण सुटण्याचा धोका निर्माण होतो.

तथापि शरीराजवळ दुसरी विकरेही आहेत. ती या घातक रूपाला निष्प्रभ करून बाहेर टाकण्याजोगे बनवितात. म्हणजे एकीकडे विष तयार करणारी आणि दुसरीकडे ते उतरविणारी अशा दोन यंत्रणा पेशीत एकाच वेळी कार्य करीत असतात. त्यांचा तोल व्यक्तिपरत्वे निराळा असतो, कारण ही विकरे घडविण्याच्या आज्ञा जनुकांत असतात आणि जनुके सर्वांची सारखी नसतात. आनुवंशिकतेचा या रोगाशी येणारा संबंध प्रथम येथे शोधला गेला.

जनुकांतील भेद

विष उतरविणाऱ्या विकरांपैकी एकाच्या जनुकास जी.एस.टी.एम.-१ असे नाव आहे. आश्चर्य वाटेल, परंतु युरोप व पूर्व आशियातील जवळजवळ निम्म्या लोकांत हे जनुक मुळातच नसते. आई व वडील या दोघांकडूनही त्याचा अभावच वारशाने आलेला असतो. असे लोक एरवी पूर्णतः निरोगी असतात. परंतु धुराचा मारा सतत होत असेल तर हा अभाव त्यांना बाधू शकेल, असा तर्क होता. श्वानवेईमध्ये करण्यात आलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हे जनुक नसलेल्यांची जोखीम ते असलेल्यांच्या सुमारे दुपटीहून थोडी अधिक आढळली. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर सोसणाऱ्या अमेरिकन स्त्रियांच्या एका लहान अभ्यासातही १९९९ साली अशाच दिशेचा निष्कर्ष निघाला होता. मात्र निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता या एका जनुकाचा एकूण प्रभाव अल्पच दिसून आला. धुराचा मारा फार मोठा असेल तेथेच हा भेद ठळक होत असावा, असे यावरून म्हणता येते.

यानंतर संशोधनाची पद्धतच पालटली. एखादे जनुक आधी संशयित म्हणून निवडावे आणि मग त्याची तपासणी करावी, असे न करता संपूर्ण जनुकसंचातील लाखो ठिकाणे एकाच वेळी पाहण्याचे तंत्र उपलब्ध झाले. रोग झालेल्या आणि न झालेल्या व्यक्तींच्या दोन गटांत कोणत्या ठिकाणचा भेद अधिक वेळा आढळतो, हे त्यातून कळते. चीन, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, तैवान व हाँगकाँग येथील १४ अभ्यास एकत्र करून, कधीही धूम्रपान न केलेल्या ५,५१० रुग्ण स्त्रियांची ४,५४४ निरोगी स्त्रियांशी तुलना करण्यात आली. २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांतील तीन बाबी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, सहाव्या व दहाव्या गुणसूत्रांवरील काही नवी ठिकाणे या रोगाशी निगडित आढळली आणि तिसऱ्या, पाचव्या व सतराव्या गुणसूत्रांवरील पूर्वी आढळलेल्या ठिकाणांना दुजोरा मिळाला. पाचव्या गुणसूत्रावरील ठिकाणाजवळ टर्ट नावाचे जनुक आहे. गुणसूत्रांची टोके झिजू न देणाऱ्या विकराशी त्याचा संबंध असून पेशी किती वेळा विभागू शकेल हे काही अंशी त्यावर अवलंबून असते. सहाव्या गुणसूत्रावरील एक ठिकाण शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित भागात आहे.

दुसरी बाब याहूनही बोधप्रद आहे. २००८ साली धूम्रपान करणाऱ्यांच्या अभ्यासांत पंधराव्या गुणसूत्रावरील एक ठिकाण या रोगाशी निगडित असल्याचे आढळले होते. तेथील जनुके निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहकांची आहेत. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत मात्र या ठिकाणाचा रोगाशी काहीही संबंध दिसला नाही. म्हणजे तो भेद धूम्रपानावाचून, स्वतःच्या बळावर रोग निर्माण करीत नाही. जे जनुक धूम्रपान करणाऱ्यास घातक, तेच न करणाऱ्यास निरुपद्रवी ठरू शकते.

तिसरी बाब प्रमाणाची. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणच्या भेदाने वाढणारी जोखीम साधारणतः सव्वापट ते दीडपट इतकीच असते. सव्वापट म्हणजे किती, हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, हजार स्त्रियांपैकी चौघींना हा रोग होतो. तर तो भेद असलेल्या हजार स्त्रियांपैकी पाच जणींना तो होईल. उरलेल्या ९९५ जणींना तो भेद असूनही रोग होणार नाही. याउलट श्वानवेईतील चुलीच्या कोळशाचा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आणि २० टक्के इतका होता. वारशाचे वजन आणि धुराचे वजन यांची तुलना यावरून सहज करता येईल.

जवळच्या नातलगास हा रोग झालेला असल्यास जोखीम काहीशी वाढते, हे मात्र खरे आहे. तैवानमध्ये २०१५ ते २०१९ या काळात, धूम्रपान न करणाऱ्या परंतु अन्य कारणांनी जोखीम असलेल्या १२,०११ व्यक्तींची अल्प क्ष-किरणांच्या सी.टी. यंत्राने तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २.६ टक्के व्यक्तींत कर्करोग आढळला. ज्यांच्या नातलगांपैकी कोणाला हा रोग झालेला होता अशांत तो ३.३ टक्के, तर इतरांत २ टक्के होता. एकाच घरात राहणाऱ्यांनी जनुकांबरोबर धूरही वाटून घेतलेला असतो, हेही येथे विसरता कामा नये.

वारशाने आलेला व नंतर घडलेला बदल

जनुकांचा उल्लेख आला की सर्वसामान्य वाचकाचा एक गोंधळ होतो, तो येथे दूर करणे अवश्य आहे. जनुकांतील बदल दोन प्रकारचे असतात. एक जन्मतः मिळालेला. तो शरीरातील सर्व पेशींत असतो आणि पुढील पिढीस जाऊ शकतो. दुसरा आयुष्यात पुढे एखाद्याच पेशीत घडलेला; तो त्या पेशीपुरता व तिच्यापासून झालेल्या गाठीपुरता मर्यादित असतो. तो मुलाबाळांकडे जात नाही.

धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसातील गाठींत ई.जी.एफ.आर. या जनुकात वारंवार बदल आढळतो. हा शोध २००४ सालचा. हा बदल जवळजवळ नेहमीच दुसऱ्या प्रकारचा असतो. वारशाने येणारी उदाहरणे फारच विरळा. म्हणून तपासणीच्या कागदावर “जनुकीय बदल आढळला” असे वाचून रुग्ण स्त्रीच्या मुलींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. उलट हा बदल सापडणे उपचाराच्या दृष्टीने हिताचे असते, कारण जेफिटिनिब, ओसिमर्टिनिब यांसारखी त्यावर नेमका परिणाम करणारी औषधे गोळ्यांच्या रूपात मिळू शकतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे २३ टक्के रुग्णांत हा बदल आढळून आला. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

या बदलाचा व दूषित हवेचा संबंध कसा येतो, यावर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील संशोधनाने नवा प्रकाश टाकला. निरोगी फुप्फुसाच्या २९५ नमुन्यांपैकी १८ टक्के नमुन्यांत ई.जी.एफ.आर.मधील असे बदल अत्यल्प पेशींत आधीच अस्तित्वात असल्याचे दिसले. वयोमानाने अशा पेशी तयार होतात आणि बहुधा सुप्तच राहतात. हवेतील सूक्ष्म धूलिकणांमुळे फुप्फुसात दाह निर्माण झाला म्हणजे या सुप्त पेशींना वाढीची चालना मिळते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तो दाह घडविणारा रासायनिक संदेश रोखला असता गाठींचे प्रमाण घटले. ठिणगी आधीच असते, धूर तिला वारा घालतो, असे याचे सार सांगता येईल.

धुराड्याने केलेले कार्य

जनुके बदलता येत नाहीत, पण चूल बदलता येते. या साध्या विधानाची कसोटी श्वानवेईमध्येच लागली. तेथील अनेक कुटुंबांनी उघड्या खड्ड्याऐवजी धुराडे असलेल्या चुली बसविल्या. जळण तेच, माणसे तीच, जनुकेही तीच. २१,२३२ शेतकऱ्यांची १९७६ ते १९९२ या काळातील माहिती तपासून २००२ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार धुराडे बसविलेल्या घरांत फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम पुरुषांत ४१ टक्क्यांनी व स्त्रियांत ४६ टक्क्यांनी घटली. हा लाभ लगेच दिसला नाही. तो निःसंदिग्धपणे दिसण्यास सुमारे १० वर्षे लागली. पण तो झाला. वारसा न बदलताही रोग जवळजवळ निम्म्यावर आणता येतो, याचा याहून ठोस पुरावा क्वचितच सापडेल.

भारतातील परिस्थिती सर्वस्वी तशीच आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडील ग्रामीण चुलीत मुख्यत्वे लाकूड, गोवऱ्या व पिकांचा काडीकचरा जळतो. घरगुती कोळशाचा धूर मानवात कर्करोग निर्माण करतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. लाकडाच्या धुराला तिने एक पायरी खाली, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे. तसेच जनुकभेदांविषयीचे मोठे अभ्यास प्रामुख्याने पूर्व आशियातील स्त्रियांवर झालेले असल्याने ते आकडे भारतीय स्त्रियांना जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. परंतु कर्करोगाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी लाकडाच्या धुराने स्त्रियांना दीर्घकालीन श्वासविकार व लहान मुलांना न्यूमोनिया जडतो, एवढे कारण चूल सुधारण्यास पुरेसे आहे.

या दिशेने प्रयत्न आपल्याकडे फार पूर्वीपासून होत आले आहेत. हैदराबाद येथील अभियंता एस. पी. राजू यांनी १९५० नंतरच्या दशकात धुराडे असलेल्या बिनधुराच्या चुलीचा पुरस्कार केला. १९८० नंतरच्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम खेडोपाडी पोहोचला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू होऊन गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात आल्या. अनुभव असा की, निर्धूर चुलीचे धुराडे वेळोवेळी झाडले नाही तर ती सधूर होते, आणि सिलिंडर पुन्हा भरून आणणे परवडले नाही तर गॅस कोपऱ्यात राहून जुनी चूलच पेटत राहते. साधन दारी येणे ही अर्धी वाट होय. ते रोजच्या वापरात राहणे ही उरलेली अर्धी.

लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी

घरात कोणीही, निदान घराच्या आत तरी, विडी-सिगारेट ओढू नये. चूल असेल तर तिला धुराडे असावे व ते वरचेवर स्वच्छ करावे. ते शक्य नसेल तर खिडकी, झरोका वा उघडी पडवी यांचा आश्रय घ्यावा. बंद खोलीत शेगडी पेटवून निजू नये. स्वयंपाक चालू असताना तान्ही मुले धुरापासून दूर ठेवावीत.

दुसरी गोष्ट निदानाची. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त पडणे, अकारण वजन घटणे, आवाज बसून राहणे, छातीत सतत दुखणे वा धाप लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे अशा खोकल्याची तपासणी प्रथम त्या दृष्टीने होणे स्वाभाविक व आवश्यकच आहे. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि उपचारानेही उतार पडत नसेल, तर तेवढ्यावर न थांबता पुढील तपासण्या करून घेतल्या पाहिजेत. “बाई विडी ओढत नाही, मग तिला कर्करोग कसा होईल?” या समजुतीपायी हाती असलेले मोलाचे महिने निसटून जातात. घरात जवळच्या नातलगास हा रोग झालेला असल्यास ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आरंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले असता, त्याचे उत्तर “घराण्यामुळे” की “धुरामुळे” असे एका शब्दात देता येत नाही, हे स्पष्ट होईल. वारशाने आलेले भेद धुराचा घाव थोडा अधिक वा थोडा कमी खोल करतात. कोणाच्या वाट्याला कोणते भेद आले, यावर कोणाचाच अधिकार नाही, आणि म्हणून त्यात रुग्ण स्त्रीचा वा तिच्या माहेरचा दोषही नाही. पण घाव घालणारा धूर घरात राहू द्यावयाचा की बाहेर काढावयाचा, हे माणसाच्या हाती आहे. श्वानवेईतील धुराड्यांनी, ज्यांच्या रक्तात कोणते भेद आहेत हे कोणी तपासलेही नव्हते, अशा स्त्रियांचे प्राण वाचविले.